पहिलं पिस्तूल कुणाकडनं आलं?

बॉबी सीलच्या पुस्तकात एक माणूस आहे, त्याला नाव नाही. ब्लॅक पँथर पार्टी काढणाऱ्या दोघांपैकी सील हा एक. दुसरा ह्युई न्यूटन. साल १९६६, महिना ऑक्टोबर, गाव कॅलिफोर्नियातलं ओकलंड. पार्टी निघाली, दहा कलमांचा जाहीरनामा कागदावर उतरला, आणि सभासद म्हणाल तर एका रिक्षात मावतील इतके. नोव्हेंबर सरता सरता हे दोघं एका ओळखीच्या जपानी वंशाच्या माणसाकडं गेले. त्याला बंदुकांचा नाद होता, घरात बऱ्याच होत्या. दोघांच्या खिशात दमडी नाही. त्यांनी त्याला सरळ घोळात घेतलं, की बाबा, तू एवढ्या क्रांतीच्या गप्पा मारतोस तर ही हत्यारं कपाटात कशाला सडवतोस? त्यानं दोन काढून दिली. एक एम-वन रायफल आणि एक नऊ मिलिमीटरचं पिस्तूल. वापरलेली, घरातली. पैसा नाही, पावती नाही, दुकानदाराची वही नाही. ज्या पार्टीचं नाव पुढं आपल्या वरळी-नायगावपर्यंत आलं, तिची पहिली हत्यारं ही अशी आली.

ह्या माणसाचं नाव रिचर्ड आओकी. जन्म १९३८ चा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच देशातल्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना तारेच्या कुंपणात नेऊन टाकलं, त्यात हे पोरगं होतं. युटा राज्यातल्या टोपाझच्या छावणीत. सुटल्यावर वाढलं ते ओकलंडच्या काळ्यांच्या वस्तीत. पुढं लष्करात गेला, तिथनं मेरिट कॉलेजात, आणि तिथंच न्यूटन-सीलशी गाठ. पार्टीत त्याला फील्ड मार्शल म्हणायचे. काळा नसलेला आणि पँथरमध्ये पद असलेला माणूस, त्यामुळं आशियाई पोरांचा तो हिरो. २००९ साली तो गेला.

आणि २०१२ साली सेथ रोझेनफेल्ड ह्या पत्रकारानं सरकारी कागद बाहेर काढले. त्यात आओकी हा एफबीआयचा खबऱ्या म्हणून नोंदलेला. १९६१ पासून १९७७ पर्यंत. म्हंजे ज्या दिवशी त्यानं पिस्तूल काढून दिलं त्या दिवशीही.

भावांनो, इथं घाई करू नका. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझंही डोकं फिरलं, पण कागद जितकं सांगतो तितकंच म्हणायचं. एफबीआयनं सांगून त्या बंदुका द्यायला लावल्या, असा पुरावा कुठंही नाही. त्याच्या जुन्या साथीदारांनी ह्या शोधावर कडाडून हल्ला केला. हयातीत पत्रकारानं तोंडावर विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला होता. खबरी देता देता माणूस खराच लढाऊ झाला असंही असू शकतं, आतनं दोन माणसं असूही शकतात. पण एवढं ठरलं: देणाऱ्याच्या पाठीमागं कोण उभं होतं हे घेणाऱ्यांना माहीत नव्हतं. आणि माहीत करून घ्यायचा त्यांच्याकडं मार्ग नव्हता.

आता कुणी म्हणेल, दुकानातनं घ्यायची की. अमेरिकेत किराण्यासारख्या मिळतात बंदुका. मिळतात, पण कुणाला, केव्हा, कितीला, हा सगळा इतिहास आहे. आणि तो वाचताना मला सारखं आपलं गाव दिसतं.

गुलामगिरी कागदावर मोडली १८६५ साली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मिसिसिपी राज्यानं कायदा केला, की सुटलेल्या काळ्या माणसानं परवान्याशिवाय बंदूक, दारूगोळा, सुरा ठेवायचा नाही. परवाना कुणी द्यायचा? त्याच गोऱ्यांनी. लष्करातनं बंदूक घेऊन घरी आलेला काळा शिपाई हा तिथल्या मालकांच्या डोळ्यांतलं कुसळ. रात्री घोड्यावरनं तोंडं झाकून यायचे, घरं झडायचे, पहिली बंदूक उचलायचे आणि मग माणूस.

मग उघड जातीचं, म्हंजे रंगाचं, नाव घेऊन कायदा करणं अवघड झालं. चौदावी घटनादुरुस्ती आडवी आली. तर ह्यांनी काय केलं बघा. टेनेसी राज्यानं १८७९ साली कायदा केला: पिस्तुलं विकायची नाहीत, फक्त लष्करी आणि आरमारी नमुन्याची मोठी पिस्तुलं चालतील. १८८१ साली आर्कान्सानं तोच कित्ता गिरवला. वाचायला किती सोवळं! कुठं काळा-गोरा शब्द नाही. पण लष्करी पिस्तूल महाग. ते जुन्या गोऱ्या सैनिकाच्या घरात खुंटीला होतंच. शेतात वाट्यानं राबणाऱ्या काळ्याला परवडणारं ते स्वस्त, छोटं पिस्तूल, नेमकं तेच बंद. आपल्याकडंही पाणवठ्याच्या पाटीवर जात लिहायची पाळी आता येत नाही. किंमत लिहिली की जात आपोआप लिहून होते.

त्याच टेनेसीच्या मेम्फिस शहरात १८९२ च्या मार्चात तीन काळे दुकानदार तुरुंगातनं ओढून मारले. गुन्हा एवढाच, की त्यांचं किराणा दुकान चांगलं चालत होतं आणि समोरच्या गोऱ्याच्या गल्ल्यावर परिणाम होत होता. मेलेल्यांत टॉमस मॉस हा इडा वेल्सचा जिवलग. इडा वेल्स म्हंजे गुलाम आईबापाची पोर, शाळामास्तरीण, पत्रकार. मॉसला मारल्यावर तिनं आधी काय केलं, तर एक पिस्तूल विकत घेतलं. आणि मग लिहायला बसली. एकेका खुनाची तारीख, गाव, कारण. गोरे म्हणायचे काळे आमच्या बायकांवर हात टाकतात म्हणून आम्ही मारतो. तिनं गोऱ्यांच्याच पेपरातल्या बातम्या मोजून दाखवलं की बहुतेकदा तो आरोपसुद्धा नसतो. तिच्या पेपरचं ऑफिस गोऱ्यांनी फोडलं, तिला परत मेम्फिसला येता आलं नाही. पिस्तूल तिच्या टेबलाच्या खणात राहिलं असेल नसेल, पण तिच्या याद्या राहिल्या. आजही खून मोजायचे तर तिच्याच पद्धतीनं मोजतात.

मार्टिन ल्यूथर किंगचं नाव आपल्याकडं गांधींच्या फोटोशेजारी लावतात. १९५६ च्या ३० जानेवारीला माँटगोमेरीत त्याच्या घरावर बॉम्ब पडला. घरात बायको आणि तान्ही पोर. त्यानंतर ह्या अहिंसेच्या माणसानं पिस्तूल बाळगायच्या परवान्याचा अर्ज केला. अर्ज नामंजूर. ज्याचं घर उडवलं त्याला परवाना नाही! ही गोष्ट पाठ्यपुस्तकवाले गाळतात, कारण मग किंगची मूर्ती घडवायला अडचण होते. पुढं त्यानं घरातली हत्यारं काढून टाकली, तो त्याचा निर्णय. पण अर्ज त्यानं केला होता.

उत्तर कॅरोलिनातला रॉबर्ट विल्यम्स दुसऱ्या वाटेचा. लष्करातनं परत आलेला. १९५७ साली क्लॅनवाल्यांची मोटारींची मिरवणूक मनरो गावातल्या काळ्या डॉक्टरच्या घरावर चालून आली. विल्यम्सच्या लोकांनी वाळूच्या पोत्यांआडनं गोळीबार केला आणि बुरखेवाले पळाले. लुइझियानात १९६४ साली डीकन्स फॉर डिफेन्स निघाली, त्यात बरेचसे कामगार आणि जुने सैनिक. सभा अहिंसेची, आणि सभेच्या बाहेर गाडीत हे बसलेले. ह्या लोकांवर आपल्याकडं कुणी फार लिहीत नाही.

म्हंजे न्यूटन-सील जेव्हा त्या जपानी मित्राच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या मागं शंभर वर्षं उभी होती. त्यांना पिस्तूल लुटालुटीला नको होतं. ओकलंडचे पोलीस काळ्या पोरांना रस्त्यात धरायचे, ठोकायचे. पँथरवाले गाडी घेऊन पोलिसांच्या मागं फिरायला लागले. पोलीस कुणाला अडवतो आहे असं दिसलं की उतरायचं, कायद्यानं सांगितलेल्या अंतरावर उभं राहायचं, हातात भरलेली बंदूक उघड दिसेल अशी, नळी कुणावर रोखलेली नाही, आणि अडकलेल्या माणसाला मोठ्यानं त्याचे हक्क सांगायचे. तेव्हा कॅलिफोर्नियात उघड बंदूक बाळगायला बंदी नव्हती. न्यूटननं कायद्याची पुस्तकं घोटली होती. त्याला स्वतःला जुन्या शिक्षेमुळं पिस्तूल बाळगता येत नव्हतं, तर तो लांब नळीची बंदूक घ्यायचा, कारण तिला ते कलम लागत नव्हतं. पुढच्या बंदुकांचे पैसे कसे उभारले? माओच्या लाल पुस्तकाच्या प्रती ३० सेंटला घ्यायच्या आणि बर्कलीच्या विद्यापीठापुढं पोरांना डॉलरला विकायच्या. पुस्तक आधी त्यांनी स्वतःही वाचलं नव्हतं, असं सील सांगतो. हसू येतं, पण आपल्या वर्गणीच्या पावत्यांपेक्षा बरं.

ह्या प्रकाराला उत्तर काय मिळालं? डॉन मलफोर्ड नावाच्या आमदारानं विधेयक आणलं, भरलेली बंदूक उघड घेऊन फिरायला बंदी. २ मे १९६७ ला पँथरचे तीस जण, त्यात सहा बाया, राजधानीच्या गावी, सॅक्रामेंटोला विधानसभेत जाऊन थडकले. बंदुकांसकट. जगभर फोटो गेले. जुलैत गव्हर्नर रोनाल्ड रेगननं त्या कायद्यावर सही केली. हाच रेगन पुढं राष्ट्राध्यक्ष, आणि बंदूकवाल्यांचा लाडका. त्या वेळी बंदूकधारकांची मोठी संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, तीही ह्या बंदीच्या बाजूनं. बंदुकीचा हक्क पवित्र असतो, पण तो कुणाच्या हातात आहे ते बघून!

१९६८ साली किंगला मारलं, दोन महिन्यांनी रॉबर्ट केनेडीला. त्याच वर्षी देशभराचा कायदा झाला. टपालानं बंदूक मागवणं बंद, दुकानदाराला लायसन्स, प्रत्येक विक्रीची नोंद. पण जो धंदा म्हणून विकत नाही, आपल्या घरातली जुनी बंदूक शेजाऱ्याला देतो, त्याला ना लायसन्स ना वही. १९९३ च्या कायद्यानं गिऱ्हाईकाची चौकशी सक्तीची केली, तीही लायसन्सवाल्या दुकानदारापुरती. कॅलिफोर्नियानं १९९१ पासून खाजगी विक्रीही दुकानदारामार्फतच करायला लावली, आणखी काही राज्यांनी लावली, पण बऱ्याच राज्यांत आजही दोन माणसं एका अंगणात उभी राहून हा व्यवहार करू शकतात. ह्या फटीतनं गरिबाला स्वस्तात संरक्षण मिळतं असं काही म्हणतात. मिळत असेल. पण ह्याच फटीतनं बायकोला मारून आलेला नवरासुद्धा आत येतो. आणि काळ्या वस्त्यांत जी पोरं गोळीनं मरतात ती क्लॅनच्या गोळीनं मरत नाहीत. ह्युई न्यूटन स्वतः १९८९ साली ओकलंडच्याच रस्त्यावर गोळी लागून मेला. मारणारा काळाच होता.

आता शिकागो. फ्रेड हॅम्प्टन, वय २१. ह्या पोरानं भांडणाऱ्या टोळ्यांत तह घडवला, काळे, पोर्टोरिकन आणि डोंगराळ भागातनं आलेले गरीब गोरे एका मंचावर आणले. पोरांना सकाळचा नाश्ता फुकट चालू केला. त्याच्या संरक्षणाची जबाबदारी विल्यम ओनील नावाच्या पोराकडं. ओनील एफबीआयचा. गाडीचोरीत सापडलेला, सुटायच्या बोलीवर आत पाठवलेला. त्यानं हॅम्प्टनच्या खोल्यांचा नकाशा काढून दिला, पलंग कुठं तेसुद्धा. ४ डिसेंबर १९६९, पहाटेचे पावणेपाच. पोलीस आले ते कसलं वॉरंट घेऊन? बेकायदा हत्यारांच्या झडतीचं! नव्वदच्या आसपास गोळ्या झाडल्या गेल्या. चौकशीत निघालं की पँथरच्या बाजूनं सुटलेली गोळी एक. हॅम्प्टन अंथरुणातच गेला, मार्क क्लार्क दाराशी. १९८२ साली सरकारनं १८ लाख ५० हजार डॉलर भरपाई कबूल केली. जी बंदूक संरक्षणाला घेतली तीच वॉरंटावर टाईप झाली. आणि त्याच १९६९ साली एफबीआयचा प्रमुख हूव्हर आपल्या कचेऱ्यांना कळवत होता, की पँथरचा सगळ्यांत परिणामकारक आणि म्हणून धोक्याचा उद्योग म्हंजे पोरांचा नाश्ता. त्याला नेमकं काय झोंबलं ते बघा.

इकडं येतो. २९ मे १९७२ ला मुंबईत दलित पँथर झाली. नाव तिकडचं घेतलं, बंदूक घेतली नाही. ह्याचं कारण आपली पोरं भित्री होती हे नव्हे. जानेवारी १९७४ मध्ये वरळी पेटली तेव्हा भागवत जाधव वरनं टाकलेल्या दगडानं मेला. समोर पोलीस आणि गच्चीवर सवर्ण, ह्याच्यामध्ये पोरं रस्त्यावर होतीच. कारण वेगळं आहे. तिकडं हत्यार घ्यायचा हक्क कागदावर तरी सगळ्यांचा होता आणि काळ्यांना तो मागायचा होता. इकडं धर्मानंच हत्याराची वाटणी केलेली. जातिव्यवस्थेविरुद्ध ह्या देशात बंड का झालं नाही, ह्याचं उत्तर देताना १९३६ साली बाबासाहेबांनी हेच दाखवलं: खालच्यांच्या हातात हत्यार नाही, विद्या नाही, मग उठणार कशानं?

महाराच्या हातात काय होतं? घुंगरं लावलेली काठी. सरकारी तिजोरीचा पैसा तालुक्याला पोचवायला महार विश्वासाचा, पण काठीला घुंगरं. इंग्रजाच्या पलटणीत बंदूक मिळाली, आणि १८९० च्या दशकात भरतीच बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, कागद गेला तसा पडला. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी केली, १९२१ साली मोडली. १९४१ साली पुन्हा महार रेजिमेंट. लागलं की बंदूक हातात, भागलं की काढून घेतली. बाकी देशासाठी १८७८ चा हत्यार कायदा होताच, त्यात गोऱ्यांना सूट आणि नेटिवाला परवाना. आणि गावात परवाना कुणाच्या घरी असायचा ते मी कशाला सांगू.

आणि महाड. २० मार्च १९२७. तळ्याचं पाणी प्यायल्यावर सवर्णांनी जेवत्या माणसांवर लाठ्या चालवल्या. जमलेल्यांत पलटणीत राहिलेले होते, युद्ध बघून आलेले होते, आणि एका शब्दाची वाट बघत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. मारणाऱ्यांवर खटला भरला, शिक्षा झाल्या. तळ्याचा दावा दहा वर्षं चालला आणि १९३७ साली हायकोर्टात जिंकला. दहा वर्षं! लाठी खाल्लेल्याला ती किती लांब वाटली असतील ते मी समजू शकतो.

हे सगळं मी का उगाळतो आहे? गेल्या पावसाळ्यात आमच्या बैठकीत एक पोरगा बोलला. त्याच्या मामाच्या गावात मिरवणुकीवरनं मारहाण झाली होती, समोरच्याच्या घरात परवान्याची बारा बोअर, ती ओसरीवर आणून पुसत बसायचा, सगळ्यांना दिसेल अशी. पोरगा म्हणाला, एक जण आहे ओळखीचा, जुनं पिस्तूल देतो, स्वस्तात. बैठकीत कुणी श्वास घेईना. मी विचारलं, ओळखीचा म्हंजे कुणाच्या ओळखीचा? तर तो दुसऱ्याच्या, दुसरा तिसऱ्याच्या. विकणारा आपल्या वस्तीतला नाही, त्याला आपल्या बैठकीचा दिवस मात्र ठाऊक. मी आओकीची सगळी गोष्ट सांगितली. पोरगं म्हणालं, पण पुरावा नाही म्हणतोस ना. नाही, पुरावा नाही.

मग आम्ही कायदा उघडला. १९५९ च्या हत्यार कायद्यात इथंही परवानेवाला आपली वापरलेली बंदूक दुसऱ्या परवानेवाल्याला विकू शकतो. जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. गावठी कट्टा ह्यात कुठंच बसत नाही. तो खिशात सापडला की अत्याचाराची फिर्याद राहते बाजूला आणि फिर्यादीच आरोपी होतो. मग १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे १९९५ चे नियम काढले. नियम ३. जिथं अत्याचाराचं भय आहे तिथं सरकारनं, गरज वाटल्यास, दलित-आदिवासी नसलेल्यांचे बंदुकीचे परवाने रद्द करावेत, बंदुका सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्याव्यात, बेकायदा हत्यारं जप्त करावीत, आणि दलित-आदिवासींना जीव-मालमत्तेसाठी परवाने द्यावेत. हे सरकारनं स्वतः छापलं आहे! बैठकीत बसलेल्या अकरा जणांपैकी हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पोरग्यानंच अर्ज लिहिला. चार वेळा खाडाखोड झाली. मारहाणीची तारीख, फिर्यादीचा नंबर, ओसरीवरची बंदूक, कोण कोण बघितलं त्यांची नावं, सगळं एकाखाली एक. आधी ओसरीवरची बंदूक जमा करा, नाहीतर मामाला परवाना द्या, एवढीच मागणी. रजिस्टर पोस्टानं नाही, हातानं नेऊन दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. आवक नंबर पडला आहे. तीन महिने झाले, पोरगा दर सोमवारी एक पाळी बुडवून विचारायला जातो.